जुळ्यांची नावं जुळवावीत का? बारशाआधी करून पाहायच्या काही तपासण्या

आवळेजावळे येणार असं कळलं की घरात नावांच्या जोड्या जमायला लागतात. आजी 'लव-कुश' म्हणते, काका 'जय-विजय' म्हणतो, मावशी 'रिया-सिया' असा मेसेज पाठवते आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बेन जाता जाता 'हेत-मीत' सुचवून जातात. आम्हा वडोदऱ्याच्या मराठी माणसांना तर दोन्हीकडून सल्ले मिळतात, पंचांग मराठी आणि शेजार गुजराती. मी इथे प्राथमिक शाळेत शिकवते, आणि भावाला जुळी झाली तेव्हा आत्या म्हणून नाव ठेवण्याचा मान माझ्याकडे आला. वर्गात जुळी मुलं येतच असतात, त्यामुळे नाव पाळण्यात ठेवल्यावर पुढे त्याचं काय होतं, ते मी हजेरी घेताना रोज बघते.

माझं मत एवढंच आहे की दोन नावांमध्ये नातं खुशाल असू द्या, पण एकाच्या जागी दुसरं ऐकलं किंवा लिहिलं जाईल इतकी ती सारखी नकोत. अर्थानं जवळ, कानाला आणि कागदावर लांब. हे जमवायचं कसं, ते क्रमानं सांगते.

आधी दोन नव्हे, चार नावं निवडा

आपल्याकडे गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे आणि ती असायलाच हवी. म्हणजे दोन मुलगे, दोन मुली की एकेक, हे जन्माच्या वेळीच कळणार. जोडीनं नावं ठरवून बसलेल्यांची इथेच पंचाईत होते. 'ओम-सोम' ठरलेलं असतं आणि होतात मुलगा आणि मुलगी. मग 'ओम'ला जुळेल असं काहीतरी घाईघाईत शोधून त्या पोरीच्या माथी मारलं जातं. एकाचं नाव आवडीनं ठेवलेलं आणि दुसऱ्याचं केवळ जुळवून घेतलेलं, असा भेद पहिल्याच दिवशी कशाला?

म्हणून मुलांची दोन आणि मुलींची दोन अशी चार नावं निवडा, प्रत्येक नाव त्याच्या स्वतःच्या गुणावर. या चारांतून सहा जोड्या होऊ शकतात: एक मुलग्यांची, एक मुलींची आणि चार मुलगा-मुलीच्या. सहाही जोड्या पुढच्या तपासण्यांतून काढा. जुळी बाळं बहुधा सदतीस आठवडे भरायच्या आतच येतात, तेव्हा सातवा महिना संपेपर्यंत यादी हाताशी असलेली बरी.

कानाची परीक्षा वेगळी, कागदाची वेगळी

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या.

हाक मारताना आपण नावाचा शेवट लांबवतो. 'निशाऽऽ', 'ईशाऽऽ'. कुकरची शिट्टी चालू आहे, खाली रिक्षा उभी आहे आणि गॅलरीतून हाक आली, तर आतल्या खोलीत पोचतं ते फक्त 'शाऽऽ'. म्हणजे शेवट सारखा असलेली, यमक जुळणारी नावं कानाला फसवतात. रिया-सिया, हेत-मीत, ओम-सोम ही सगळी त्यातली. अशा घरात दोघंही 'ओ' देतात, आणि हळूहळू दोघंही ओ द्यायचं सोडून देतात, कारण हाक आपल्यासाठी आहे की नाही याची खात्रीच नसते.

कागदावर उलटं होतं. तिथे पहिल्या अक्षराचं राज्य. जुळ्यांची जन्मतारीख एक, वडिलांचं नाव एक, आडनाव एक, पत्ता एक, फोन नंबर एक. फरक राहतो तो फक्त स्वतःच्या नावाचा. त्याचंही पहिलं अक्षर सारखं असलं की 'आ. सं. जोशी' हे संक्षिप्त नाव दोघांचं. शाळेच्या यादीत नावं अक्षरक्रमानं लागतात, म्हणजे 'आरव' आणि 'आरुष' बालवाडीपासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत मागेपुढे. वह्यांचा गठ्ठा तपासताना, गुण चढवताना एका ओळीची चूक झाली की एकाचे गुण दुसऱ्याला. ती चूक सहसा लक्षातही येत नाही, कारण बाकी सगळे तपशील बरोबर दिसतात.

आणि 'तनय-तन्मय' किंवा 'अनुजा-अनुष्का' यांसारखी नावं दोन्ही परीक्षांत नापास. अनुजा आणि अनुष्का या दोघींना घरी 'अनू' म्हणता येणार नाही, मग एकीला 'अनू' आणि दुसरीला काहीतरी ओढूनताणून.

हे वर्गात कसं दिसतं ते सांगते. नावं बदलली आहेत, पण घडण तीच. एक भाऊ हर्ष, दुसरा हर्षिल. मी हजेरीपटावरून 'हर्ष' म्हटलं की हर्ष लगेच उठत नसे. तो माझ्या तोंडाकडे बघत थांबायचा, पुढे 'इल' येतंय का ते ऐकायला. येत नाही असं दिसलं की मग उभा राहायचा. आपलं नाव पुरं झालं की अजून बाकी आहे, याची वाट रोज सकाळी बघावी लागणारं ते मूल होतं. हर्षिलला तो प्रश्न नव्हता, त्याच्या नावातच भावाचं नाव आधी येऊन जायचं. दोन्ही नावं सुंदर आहेत. एकमेकांशेजारी मात्र ठेवायला नको होती.

घरी करायची चाचणी सोपी आहे. एकानं स्वयंपाकघरात मिक्सर चालू ठेवून दहा हाका माराव्यात, दोन्ही नावं उलटसुलट मिसळून. दुसऱ्यानं गॅलरीत किंवा बाहेरच्या खोलीत बसून ऐकू येईल तसं लिहून घ्यावं. शक्यतो हे काम आजोबांना द्या, त्यांच्या कानाला जे वेगळं ऐकू येतं ते सगळ्यांनाच येईल. दहापैकी एकही चुकलं तर जोडी रद्द. त्यानंतर दोन्ही नावं वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट एकाखाली एक लिहा, कागद हातभर लांब धरा आणि झरकन बघा. दोन वेगळी माणसं दिसली पाहिजेत.

पहिलं अक्षर वेगळं, शेवटचा स्वर वेगळा आणि जमल्यास नावांची लांबी वेगळी. रेवा आणि कावेरी पाहा. दोन्ही नद्या, पण एक दोन अक्षरी, एक तीन अक्षरी, सुरुवात वेगळी, शेवट वेगळा. नातं आहे आणि घोटाळा नाही.

बाळाच्या बाजूनंही हे महत्त्वाचं आहे. साधारण साडेचार महिन्यांची बाळं स्वतःच्या नावाचा आवाज इतर नावांतून ओळखू लागतात, असं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आलं. म्हणजे नावाचा अर्थ कळायच्या कितीतरी आधी त्याचा नाद ओळखीचा होतो. जुळ्यांना तर दिवसभर दोन्ही नावं कानावर पडत असतात, मग ते दोन नाद स्वच्छ वेगळे नकोत का?

राशीचं अक्षर एकच आलं तर

जुळवलेल्या नावांमागे हौसेइतकंच हेही कारण असतं. चंद्र एका नक्षत्रात सुमारे एक दिवस असतो आणि नक्षत्राचा एक चरण सुमारे सहा तासांचा. जुळ्यांच्या जन्मात बहुधा काही मिनिटांचंच अंतर, त्यामुळे दोघांचं नक्षत्र आणि चरण एकच निघतो आणि चरणाचं अक्षरही एकच. क्वचित नेमका चरण बदलताना जन्म झाला तर अक्षरं वेगळी येतात. एरवी गुरुजी एकच अक्षर सांगतात आणि घरचे समजतात की दोन्ही नावं त्यावरूनच ठेवायला हवीत.

इथे गुजराती शेजाऱ्यांची रीत फार उपयोगी पडते. ते सहसा चरण न बघता राशीची अक्षरं घेतात, आणि प्रत्येक राशीला अक्षरं एकाहून जास्त आहेत. तूळ राशीला र आणि त. वृश्चिकेला न आणि य. वृषभेला ब, व, उ. कर्केला ड आणि ह. मकरेला ख आणि ज. कुंभेला ग, स, श. मीनेला द, च, झ, थ. जुळ्यांची रास तूळ असेल तर एकाला र द्या, दुसऱ्याला त. राशीही सांभाळली आणि हजेरीपटावर अंतरही पडलं.

सिंह आणि मिथुन या राशींना थोडी अडचण येते, कारण ट किंवा छ-घ वरून मनासारखी नावं फारशी मिळत नाहीत आणि सगळे म किंवा क वरच येतात. तसं झालं तर निदान पहिला स्वर आणि शेवट तरी पक्का वेगळा ठेवा. 'मुक्ता' आणि 'मैथिली' चालतील, 'मनस्वी' आणि 'मानसी' नको.

आणखी एक मार्ग आपल्याच परंपरेत आहे. नामकरणात देवतेचं नाव, महिन्याचं नाव, नक्षत्राचं नाव आणि व्यवहारातलं नाव अशी चार नावं ठेवण्याची चाल आहे. नक्षत्रनाम पत्रिकेत राहतं, शाळेत जातं ते व्यवहारातलं. चरणाचं अक्षर आजोबांना सोडवत नसेल तर ते नक्षत्रनामाला द्या आणि व्यवहारनामाला मोकळं सोडा. महिन्याचं नाव तर एकाच महिन्यात जन्मल्यामुळे दोघांचं एकच येतं. जुळवायची हौस तिथे आपोआप भागते.

नातं अर्थात शोधा

'पुराणात जुळ्यांची नावं जुळलेली असतात' असं कुणी म्हटलं तर यादी डोळ्यांसमोर आणा. यम-यमी आणि कृप-कृपी जुळलेली आहेत, खरं. पण नकुल-सहदेव? माद्रीची ही जुळी मुलं, नावात एक अक्षर सारखं नाही. लक्ष्मण-शत्रुघ्न हे सुमित्रेचे जुळे, तिथेही तेच. लव-कुश ही जोडी आपण इतकी एकत्र घेतो की ती यमकाची वाटते, पण यमक त्यात नाहीच. एकाच दर्भाच्या जुडीवरून दोघांची नावं पडली, हे त्यांचं नातं. ऐकायला दोन्ही पूर्ण वेगळी.

मला मात्र सगळ्यांत आवडतं ते आळंदीच्या भावंडांचं उदाहरण. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. ती जुळी नव्हती, पण नावांची वीण कशी असावी हे तिथून शिकावं. यमक नाही, एका अक्षराची ओढाताण नाही, तरी चारही नावं एकाच घरातली हे कुणाही मराठी माणसाला सांगावं लागत नाही. प्रत्येक नाव एकटं उच्चारलं तरी भरलेलं. मुलगा-मुलगी झाली तर 'ज्ञानेश आणि मुक्ता' याहून चांगली भावाबहिणीची नावं मला तरी सुचत नाहीत.

मुलगा-मुलीच्या जोडीत एक चूक मात्र हमखास होते. राम-जानकी, शिव-गौरी, राधा-माधव ही नावं एकत्र शोभतात म्हणून ठेवली जातात, पण त्या पती-पत्नीच्या किंवा प्रेमिकांच्या जोड्या आहेत. सख्ख्या भावाबहिणीला ती नावं दिली की मोठेपणी त्यांनाच कानकोंडं होतं. 'राम-रमा' वरवर निरागस वाटतं, पण रमा म्हणजे लक्ष्मी. देवादिकांतूनच घ्यायचं तर भावंडं शोधा: कृष्णाची बहीण सुभद्रा आहे, यमाची बहीण यमुना, जिच्यामुळे आपण भाऊबीज करतो. यमाचं नाव कुणी ठेवणार नाही, पण कृष्णाच्या शंभर नावांतलं एखादं आणि सुभद्रा का नको?

पुराणांबाहेरही नाती पुष्कळ सापडतात. आपल्या गावाला गाण्याची जुनी ओढ आहे, १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या राज्यात इथे गायनशाळा सुरू झाली. गाणाऱ्या घरात 'निषाद आणि गंधार' हे दोन स्वर किंवा 'मल्हार आणि आसावरी' हे दोन राग ठेवावेत. 'मल्हार-केदार' हेही राग आहेत, पण दोन्हींचा शेवट 'आर', म्हणजे हाकेच्या परीक्षेत गेले. नद्या घ्यायच्या तर एक गुजरातची आणि एक महाराष्ट्राची घ्या, आपल्या दोन घरांसारखी. झाडं, फुलं, ऋतू, आजीचं माहेर, पणजोबांचं गाव, कशातूनही नातं निघतं. ते दोघांना मोठेपणी सांगता येईल असं असावं, बाहेरच्यांना पहिल्या झटक्यात कळलं नाही तरी चालेल.

प्रत्येक नाव एकटं उभं राहतं का?

दोन्ही नावं वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन बघा. 'जय' एकटा असला तर त्याच्याकडे पूर्ण नाव आहे. 'रिद्धी' म्हटल्यावर मात्र समोरचा लगेच विचारतो, 'सिद्धी कुठाय?' त्या मुलीला नोकरीच्या ठिकाणी, सासरी, परदेशातल्या कॉलेजात आयुष्यभर हा प्रश्न येणार. कुणाला तो आवडेलही. पण ती निवड तिची असावी.

यातला एक भाग बोलायला जड आहे, तरी बोलते. जुळी बाळं अनेकदा वेळेआधी आणि कमी वजनाची येतात, आणि कधी कधी दोनातलं एकच घरी येतं. अशा वेळी राहिलेल्या बाळाचं नाव जोडीतलं अर्धं असेल, तर ती हाक आईवडिलांना दर वेळी दुसऱ्या नावाशी नेऊन पोचवते, आणि ते मूल एक रिकामी जागा नावातच घेऊन वाढतं. गेलेल्या बाळालाही त्याचं स्वतःचं, पूर्ण नाव असावं, कुणाच्या तरी नावाची जोड म्हणून नव्हे. हे मनात आणणं अशुभ वाटतं म्हणून कुणी बोलत नाही. पण नावं अजून आपल्या हातात आहेत तोवरच हा विचार करता येतो.

घरात आधीचं मूल असेल तर त्याचंही नाव शेजारी लिहून बघा. थोरली 'स्नेहल' आणि जुळे 'आरव-आरुष' असले की ती आपोआप कडेला पडते. तिन्ही नावं एका घरची वाटली पाहिजेत.

तीन लिप्या, तीन तपासण्या

महाराष्ट्रातल्या आईबापांना दोन लिप्यांचा विचार करावा लागतो, आपल्याला तीन: घरात देवनागरी, शाळेत आणि सरकारी कागदावर गुजराती, आणि सगळीकडे रोमन.

रोमन लिपीत त आणि ट, द आणि ड एकच होतात, ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक पुसलं जातं. 'अनय' आणि 'अनया' यांच्यात तिथे एका शेवटच्या 'ए'चा फरक, आणि तो 'ए' कित्येक जण 'अनय'लाही लावतात. मुलगा-मुलगी जुळ्यांत तर अशा नावांनी लिंगाच्या रकान्यातही गोंधळ होतो. 'वेद' आणि 'वेध' देवनागरीत तरी वेगळे दिसतात, रोमनमध्ये एक 'एच' गळला की संपलं.

गुजरातीत बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक जाणवत नाही आणि कारकून बरेचदा ऐकून लिहितात. म्हणून दोन्ही नावं तिन्ही लिप्यांत एका कागदावर स्वच्छ लिहून ठेवा आणि प्रत्येक फॉर्म भरताना तोच कागद पुढे करा. तोंडी सांगू नका.

वडिलांच्या नावाकडेही लक्ष हवं. गुजरातेत आदरानं 'भाई' लावून लिहिण्याची सवय आहे. एका बाळाच्या कागदावर 'संजय' आणि दुसऱ्याच्या कागदावर 'संजयभाई' झालं की पुढे दोघं एकाच बापाची मुलं हे सिद्ध करत फिरावं लागतं. हेच आईच्या नावाचं, 'बेन' लागलं की नाही, माहेरचं आडनाव की सासरचं. दोन्ही फॉर्मवर अक्षर न् अक्षर तेच ठेवा. बाळंतपण माहेरी, समजा नाशिकला झालं असेल, तर नोंदणी नाशिकलाच होते आणि दाखला मराठीत येतो. मग वडोदऱ्यात शाळेत घालताना गुजराती लेखन काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा.

तिळी असतील तर

तिळ्यांच्या बाबतीत जुळवाजुळव लवकर थकते. दोन नावं झकास सापडतात आणि तिसरं भरतीचं होतं. 'गंगा-यमुना-सरस्वती' आजच्या मुलींना तिन्ही आवडतील का? तीन वेगळी अक्षरं, तीन वेगळे शेवट, एवढंच बघा आणि अर्थाचं सूत्र सैल ठेवा.

घरच्यांचं मन राखायचं कसं

आजीची हौस चुकीची नाही. तिला दोन बाळं एका वेळी मांडीवर घ्यायची आहेत, एका दमात बोलवायची आहेत. त्यासाठी घरातली लाडाची नावं आहेत की. सोनू-मोनू, चिऊ-माऊ, काय हवं ते. ती नावं दाखल्यावर जात नाहीत आणि मुलं मोठी झाली की आपोआप मागे पडतात. आजीला 'नाही' म्हणण्याऐवजी ही दोन नावं ठेवण्याचं काम तिच्याकडे सोपवा. आमच्याकडे असंच केलं आणि आईनं ते काम फार मनावर घेतलं.

बारशाच्या दिवशी एक गोष्ट जरूर करा. दोन बाळांचं नामकरण एका झटक्यात उरकू नका. पहिल्या बाळाला पाळण्याखालून-वरून देताना 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' सगळ्या बायका हौसेनं म्हणतात, आणि दुसऱ्याची पाळी येईपर्यंत निम्म्या घुगऱ्यांकडे वळलेल्या असतात. दोन आत्या असतील तर एकेकीला एकेक बाळ द्या. एकच असेल तर मध्ये थोडा वेळ जाऊ द्या, पाळणाही वेगळा म्हणा आणि कानात 'कुर्र' करून नाव प्रत्येकाचं वेगळं सांगा. शेजारच्या बेन आल्या असतील तर त्यांना 'ओळी झोळी पीपळ पान'ही म्हणू द्या. त्यांच्यात चौघं चादरीची चार टोकं धरून बाळाला झुलवतात आणि नाव ठेवते ती फोई, म्हणजे आपली आत्याच. एक बाळ आपल्या रीतीनं आणि एक त्यांच्या, असं मात्र करू नका. दोघांना दोन्ही मिळू द्या.

हॉस्पिटलपासून दाखल्यापर्यंत

हॉस्पिटलात बाळाच्या मनगटावर किंवा पायाला पट्टी असते: आईचं नाव आणि 'ट्विन वन', 'ट्विन टू'. त्या पट्टीवर दोघांच्यात फक्त एका आकड्याचा फरक असतो. नवजात अतिदक्षता विभागात जुळ्या-तिळ्यांच्या बाबतीत औषधाची किंवा तपासणीची सूचना चुकीच्या बाळाच्या नावावर जाण्याचं प्रमाण एकट्या बाळांपेक्षा जास्त असतं, असं अमेरिकेतल्या २०१९ च्या एका अभ्यासात आढळलं. बाळं तिथे जास्त दिवस राहणार असतील तर बारशाची वाट न बघता नावं ठरवा आणि परिचारिकांना सांगा. बारसं नंतर थाटात करता येतं.

कुठलं नाव कुणाला हे जन्माआधीच ठरवून ठेवा, 'पहिल्याला हे, दुसऱ्याला ते', किंवा चेहरे बघून ठरवा, पण ठरल्याबरोबर वहीत लिहा: ट्विन वन म्हणजे अमुक, जन्मवेळ, वजन, रक्तगट, तीळ किंवा जन्मखूण. हुबेहूब सारखी दिसणारी असतील तर हॉस्पिटलची पट्टी काढण्याआधी एकाच्या पायाच्या नखाला नेलपॉलिश लावा. ते उडायच्या आत पुन्हा लावत राहा.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. बहुधा हॉस्पिटलच ती माहिती पाठवतं. प्रत्येक बाळाचा फॉर्म वेगळा असतो आणि शेऱ्याच्या रकान्यात जुळा जन्म असल्याचं लिहायचं असतं. तसं लिहिलंय ना, हे विचारा. एकाच तारखेची, एकाच आईची दोन बाळं बघून पुढे कुणी एक नोंद दुबार समजू नये, यासाठी तो शेरा कामाचा आहे. नाव ठरलं नसेल तर रकाना रिकामा ठेवून नोंदणी करता येते. जन्मनोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. म्हणून २१ दिवसांच्या भीतीनं घाईत जुळवून टाकलेलं नाव देऊ नका. एकदा चढलेलं नाव बदलणं मात्र फार कटकटीचं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी, शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. तिथे चूक राहिली की ती पुढे सगळीकडे जाते.

दाखले हातात आले की दोन्ही शेजारी ठेवून वाचा. नोंदणी क्रमांक वेगळे आहेत का, लिंग बरोबर आहे का, आईवडिलांची नावं तंतोतंत तीच आहेत का.

लसीकरणाच्या ममता कार्डाचंही तेच. माझ्या ओळखीतल्या एका घरी दोन्ही मुलींची नावं एकाच अक्षरावरून होती. एका महिन्यात वजनाच्या आलेखात एकीची रेघ एकदम खाली आणि दुसरीची एकदम वर गेली. घरचे हबकले. वजनं कार्डांवर उलटी चढली होती, एवढंच निघालं. पण तोवर त्या आईनं दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. दोन कार्डांना दोन वेगळ्या रंगांचं प्लास्टिक घाला आणि टोचायच्या वेळी एक बाळ, एक कार्ड असंच पुढे करा.

आधारलाही ही काळजी घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, म्हणजे तोवर तुमच्या जुळ्यांना वेगळं ओळखवणारं त्या कार्डावर नाव आणि फोटो, एवढंच. पाच वर्षांनंतर ठसे आणि डोळ्यांची नोंद द्यायला जाल तेव्हा दोघांना एकदम खिडकीपुढे उभं करू नका. एकाला बाहेर कुणाजवळ तरी बसवा, दुसऱ्याला त्याच्याच कार्डासकट आत न्या आणि ठसे घेण्याआधी पडद्यावरचं नाव त्यालाच मोठ्यानं वाचायला सांगा.